पप्पांना डाउट आहे

आमचे पप्पा प्रार्थना करताना एक डोळा उघडा ठेवायचे.

रविवारची मराठी उपासना चाललेली असायची. पाळकसाहेब हात वर करून प्रार्थना सांगत असायचे, सगळी मंडळी डोळे मिटून, माना खाली घालून उभी असायची. पप्पांची मानही खाली असायची, ओठ हलत असायचे, फक्त डावा डोळा टक्क उघडा. दारावर, खिडक्यांवर, बाहेर काढून ठेवलेल्या चपलांवर तो फिरून यायचा. आईने पहिल्या पहिल्यांदा चिमटे काढून पाहिले. मग तिने नाद सोडला.

"देवाने दोन डोळे दिलेत," पप्पा म्हणायचे. "एक त्याच्यासाठी, एक ड्यूटीसाठी."

एकदा नवे पाळकसाहेब बदलून आले. तरुण होते, उत्साही होते. त्यांना कुणीतरी पप्पांच्या डोळ्याबद्दल सांगितलं असावं, कारण पुढच्याच रविवारी प्रार्थनेच्या ऐन मध्यावर त्यांनी हळूच डोळा उघडून आमच्या बाकाकडे बघितलं. पप्पांचा डोळा तयारच होता. दोघांची नजरानजर झाली. पाळकसाहेब प्रार्थनेतला पुढचा शब्द विसरले.

घरी येताना पप्पा गंभीर होते. "प्रार्थना चालू असताना डोळे उघडतो हा माणूस," ते म्हणाले. "मला डाउट आहे."

देवदान सरोदे हे पप्पांचं नाव. फौजेत होते, नायब सुभेदार म्हणून बाहेर पडले. आयुष्य बिनतारी संदेशाच्या कामात गेलं. मूळचे नगरकडचे, पण शेवटी महूला आले आणि मग इंदूरचेच झाले. फौज सोडल्यावर एका शाळेत गेटची सगळी जबाबदारी त्यांच्याकडे आली, ती पार म्हातारे होईपर्यंत राहिली. पोरं त्यांना सुभेदार सर म्हणायची. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होत आली. शेवटच्या आजारपणात सुद्धा सलाईनच्या बाटलीवरचं नाव नर्सला मोठ्याने वाचायला लावायचे, आणि तिने वाचलं की मला डोळ्याने खुणवायचे, बरोबर वाचलं का, बघ.

"डाउट आहे" हे त्यांचं पेटंट वाक्य. शंका, संशय, शक हे शब्द त्यांना कमी पडायचे. डाउट म्हणताना ते ट वर जरा थांबायचे, शिक्का मारल्यासारखं.

सुदामा नगरात आमच्याकडे दूध घेऊन येणारे रमेशजी हे त्यांचे सगळ्यात जुने संशयित. रमेशजी गौतमपुऱ्याकडचे. रोज सकाळी कॅन घेऊन मोटारसायकलवर यायचे. पप्पा दाराशी ग्लास घेऊन उभे. पहिलं दूध ग्लासात घ्यायचं आणि रमेशजींनी ते स्वतः पिऊन दाखवायचं, हा नियम. सुरुवातीला रमेशजी चिडले. मग सवय झाली. मग असं झालं की रमेशजींची बायको त्यांना घरून दूध न पिताच पाठवायला लागली, सुभेदारांकडे मिळतंच म्हणून. पुढे पप्पा त्यात थोडी साखर घालायला लागले. तरी विश्वास बसला होता असं नाही. "इतक्या वर्षांत एकदाही पकडला गेला नाही," ते म्हणायचे. "बहोत हुशार आहे."

पोह्यावर टाकायच्या जिरावनबद्दलही त्यांचं वेगळं मत होतं. सगळं इंदूर सकाळी जिरावन भुरभुरून पोहे खातं, पप्पाही खायचे, पण दुकानदाराला दर खेपेला विचारायचे, "भिया, यात काय काय घालता?" तो हसून म्हणायचा, "सर, वो तो घर का मसाला है." पप्पा प्लेट हातात घेऊन माझ्याकडे वळायचे. "बघितलंस? सांगून नाही राहिला. सांगत नाही म्हणजे काहीतरी आहे." आणि आणखी एक प्लेट मागवायचे.

कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत आली की पप्पा आमच्या बादल्या घेऊन सगळ्यांच्या आधी बाहेर. आपल्या बादल्या रिकाम्या झाल्या तरी आत यायचे नाहीत. शेजारचे गुप्ताजी ओला कचरा सुक्यात घालतात, हा डाउट. गुप्ताजींनी एक दिवस कंटाळून दोन्ही बादल्या पप्पांच्या पायाशी आणून ठेवल्या आणि म्हणाले, "लो सुभेदार साब, आप ही डाल दो." तेव्हापासून गुप्ताजींचा कचरा पप्पाच टाकायचे. आई म्हणाली, "घ्या, आणखी डाउट घ्या."

फोनवर ठग बोलतात ना, बँकेतून बोलतोय म्हणून, त्यांचा तर पप्पांसमोर निभावच लागायचा नाही. पप्पा उलट चौकशी सुरू करायचे. "कोणत्या ब्रँचमधून बोलताय? मॅनेजर कोण? तुमच्या शेजारी कोण बसलंय? त्याला द्या." एकाला तर त्यांनी त्याचं नाव, त्याच्या आईचं नाव, गावचं नाव आणि शेवटी रविवारी तो कुठे जातो तेही विचारलं. समोरच्याने फोन आपटला. पप्पा समाधानाने म्हणाले, "पळाला. पण पोरगा वाईट नव्हता. संगत खराब असेल." रात्रीच्या घरच्या प्रार्थनेत त्या पोराचं नावही आलं.

ही घरची प्रार्थना म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. फौजेत रोज वरिष्ठाला रिपोर्ट द्यायची सवय. त्यामुळे पप्पा देवालाही रिपोर्टच द्यायचे. "हे प्रभू, आज गेटवर सगळं ठीक होतं. तिसरीतला तो मुलगा आजही आला नाही, ताप असेल, बघून घे. पाचवीतल्या मुलीला न्यायला जो मामा येतो त्याच्यावर लक्ष असू दे, मला डाउट आहे. रूथीच्या कॉलेजच्या बसचा नवा ड्रायव्हर मोबाइल बघतो, त्याला अक्कल दे. आमेन." रूथी म्हणजे मी. देवाला एवढी इत्थंभूत माहिती इंदुरात दुसरं कुणी देत असेल असं मला वाटत नाही.

माझं लग्न ठरायच्या वेळी तर कहर झाला. निखिल नाशिकचा. पीथमपूरला एका कारखान्यात नोकरीला लागला होता, आमच्याच चर्चमध्ये यायचा. तो घरी बोलायला आला, तेव्हा आईने शिरा केला होता. पप्पांनी पहिलाच प्रश्न टाकला, "नाशिक सोडून इकडे का आलात?"

"नोकरीसाठी, अंकल."

"नाशिकातल्या नोकऱ्या संपल्या?"

निखिलने शिऱ्याचा चमचा खाली ठेवला.

त्यानंतर पप्पांनी आपल्या जुन्या लुनावरून त्याचा पाठलाग सुरू केला. निखिल पुढे मोटारसायकलवर, मागे हेल्मेट आणि मफलर बांधून पप्पा. एक दिवस रिंगरोडवर लुनाचं पेट्रोल संपलं. निखिलने आरशात बघितलं, मागे वळून आला, लुनाला पाय लावला आणि ढकलत ढकलत पप्पांना पंपापर्यंत नेऊन सोडलं. जाताना "नमस्ते अंकल" म्हणाला. मफलर कामाला आला नव्हता.

पप्पा घरी आले ते विचारात पडलेले. "आपला पाठलाग करणाऱ्यालाच मदत करतो," ते म्हणाले. "इतका चांगला कोणी असतो का? मला डाउट आहे." पण लग्नाला होकार दिला. लग्नाच्या वेदीपर्यंत माझा हात धरून चालत आले, आणि हात निखिलच्या हातात देताना त्याच्या कानात काहीतरी बोलले. काय बोलले ते निखिलने मला अजून सांगितलेलं नाही. आता मलाच डाउट आहे.

पण पप्पांचं खरं राज्य होतं शाळेचं गेट.

मी त्याच शाळेत शिकले आणि पुढे तिथेच पहिलीची शिक्षिका झाले, त्यामुळे हे राज्य मी दोन्ही बाजूंनी बघितलंय. शाळा सुटली की मुलांना न्यायला येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला पप्पा एक प्रश्न विचारायचे. ओळखपत्र बघायचे, पण त्यावर त्यांचा भरवसा नव्हता. "कार्ड तो बन जाता है," म्हणायचे. "ये बताओ, बच्चे को खाने में क्या नहीं भाता?"

काय आवडतं ते नाही, काय आवडत नाही ते. नाव-पत्ता माणूस पाठ करून येतो, आईसक्रीम आणि चॉकलेट आंधळासुद्धा सांगेल, पण पोरगं कशावर तोंड वाकडं करतं ते घरातल्यालाच माहीत, हा त्यांचा हिशेब. काका, मामा, आजोबा घाम पुसत आठवायचे. एका नव्या कोऱ्या गाडीतून आलेल्या वडिलांना उत्तर आलं नाही, म्हणून त्यांनी गाडीत बसून बायकोला फोन लावला. पप्पा काचेला कान लावून उभे. "चीटिंग नाही चालेल," म्हणाले. प्रिन्सिपल मॅडमकडे दर महिन्याला तक्रारी जायच्या. मॅडम पप्पांना बोलावून समजावायच्या. पप्पा "जी मॅडम" म्हणून सॅल्यूट ठोकायचे आणि परत येऊन तोच प्रश्न विचारायचे.

नाताळात शाळेत सांता यायचा. आमचे पीटीचे सर व्हायचे. पप्पांनी एका वर्षी सांतालाच गेटवर अडवलं. "दाढी काढा." सर कुजबुजले, "सुभेदार साहब, मैं हूँ, बच्चे देख रहे हैं!" पप्पा म्हणाले, "म्हणूनच." सांताला केबिनमध्ये नेलं, पडदा ओढला, दाढी खाली करून तोंड बघितलं, दाढी परत नीट लावून दिली आणि बाहेर आणून सगळ्या पोरांना सांगितलं, "असली है. मैंने चेक किया." त्या वर्षी सांतावर जितका विश्वास मुलांनी ठेवला तितका कधी ठेवला नसेल.

हे सगळं आठवलं की आम्ही अजून हसतो. एका दुपारी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं.

माझं लग्न व्हायचं होतं, थंडीचे दिवस होते. शाळा सुटली होती, गेटवर नेहमीसारखी गर्दी. माझ्या वर्गातल्या मुलांना मी एकेक करून सोडत होते. तेवढ्यात एक माणूस पप्पांपुढे येऊन उभा राहिला. उन्हाने करपलेला चेहरा, बारीक कापलेले केस, अंगात नवा शर्ट, इतका नवा की दुकानातल्या घड्या मोडल्या नव्हत्या. खांद्यावर मोठी बॅग, हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक भली मोठी बाहुली.

"काव्या को लेने आया हूँ, साहब. पहली क्लास. मैं उसका पापा."

काव्याला रोज तिची आई न्यायची. पप्पांनी त्याला वरून खालपर्यंत बघितलं. "मम्मी किधर है?"

"उसको बताया नहीं. सरप्राइज है. सीधा स्टेशन से आ रहा हूँ." त्याने खिशातून फौजेचं ओळखपत्र काढलं. मला वाटलं, आता पप्पा विरघळतील. पप्पांनी कार्ड उलटसुलट बघितलं आणि परत दिलं. "कार्ड तो बन जाता है." मग मला म्हणाले, "रूथी मॅडम, मुलीला आणा."

मी काव्याला आणलं. तो माणूस गुडघ्यावर बसला, दोन्ही हात पुढे केले. काव्या दोन पावलं मागे सरकली आणि पप्पांच्या पायामागे लपली.

"बेटा, इनको पहचानती हो?"

काव्याने मान हलवली. नाही.

"काव्या, मैं पापा..."

"मेरे पापा फ़ोन में रहते हैं," काव्या म्हणाली.

कुणीतरी हसलं. कुणीतरी हसलं नाही. मागून एक आवाज आला, "बच्चा चोर है क्या?" आणि बघता बघता तो प्रश्न राहिला नाही. त्या दिवसांत मोबाइलवर असल्या बातम्या फिरतच होत्या, खऱ्या-खोट्या. "पकड़ो इसको!" दोघांनी त्याचा दंड धरला. एकाने कॉलर धरली, नव्या शर्टाचं वरचं बटण तुटून उडालं. बाहुली खाली पडली. कुणी व्हिडिओ काढायला लागलं. तो माणूस फौजी होता, मनात आणलं असतं तर दोघांना लोळवलं असतं. पण त्याने हातही उचलला नाही. नुसता काव्याकडे बघत होता. मला वाटतं त्याला मार लागलेलाही कळला नसता.

मग पप्पांचा आवाज आला. परेड ग्राउंडवरचा. मी तो घरी कधी ऐकला नव्हता.

"हाथ हटाओ!"

सगळे थबकले. पप्पा मध्ये घुसले, कॉलर धरणाऱ्याचा हात बाजूला केला आणि त्या माणसाच्या पुढे छाती काढून उभे राहिले. त्यांचं वय तेव्हा साठीच्या पुढे गेलेलं.

"अरे, आप ही तो रोक रहे थे इसको!" एक गृहस्थ ओरडले.

"हाँ. मुझे डाउट है," पप्पा म्हणाले. "अभी भी है. पर तुम लोगों को पक्का किसने बताया?"

पप्पांनी त्या माणसाला दंडाला धरून आपल्या केबिनमध्ये नेलं. काव्याला घेऊन मीही आत गेले. बाहेर गर्दी हलत नव्हती, काचेतून तोंडं दिसत होती. काव्याच्या आईचा फोन मी लावत होते, तो वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. ती एका दुकानात कामाला होती, फोन पर्समध्ये असणार.

पप्पांनी त्याला स्टुलावर बसवलं आणि आपला नेहमीचा प्रश्न विचारला. "बच्ची को खाने में क्या नहीं भाता?"

तो म्हणाला, "पिछली छुट्टी में तो सब खा लेती थी, साहब. अब का मुझे मालूम नहीं."

पप्पांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. गुडघे दुखायचे, तरी त्याच्या समोर जमिनीवर बसले. खूप हळू आवाजात बोलायला लागले.

"उसकी तरफ़ देखो मत. हाथ भी आगे मत करो. आराम से बैठो." मग थांबून म्हणाले, "मेरी भी एक बेटी है. ऐसे ही मैं आया था एक बार, बहुत दिनों के बाद. पूरी छुट्टी मेरे पास नहीं आई. मैं कमरे में आऊँ तो वो बाहर जाए. एक दिन माँ से पूछ रही थी, ये अंकल कब जाएँगे."

मी तिथेच उभी होते, काव्याचा हात धरून. पप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"फिर?" त्या जवानाने विचारलं.

"फिर क्या. मेरी छुट्टी ख़तम हो गई."

मी काव्याच्या आईचा नंबर पुन्हा लावला.

पप्पा म्हणाले, "फ़ोन पे रोज़ बात करते हो?"

"जब नेटवर्क मिले."

"क्या बोलते हो?"

तो लाजला. इतकं सगळं होऊनही लाजला.

"उधर मुँह करो," पप्पा म्हणाले. "दीवार की तरफ़. और बोलो. जैसे फ़ोन पे बोलते हो, वैसे ही."

तो स्टुलावर भिंतीकडे वळला. घसा खाकरला. "काव्या मैडम," तो भिंतीला म्हणाला, आणि त्याने बटण तुटलेली कॉलर सारखी केली. पुन्हा म्हणाला, "काव्या मैडम, आज की रिपोर्ट दीजिए."

माझ्या हातातला छोटा हात ताठ झाला. काव्या त्या पाठीकडे बघत राहिली. नव्या शर्टावरच्या घड्यांकडे. मग अगदी रोजच्या सुरात म्हणाली, "आज टिफ़िन में लौकी थी. मैंने फेंक दी."

"पूरी?"

"पूरी. मम्मी को मत बताना."

"नहीं बताऊँगा," तो भिंतीकडे बघत म्हणाला. त्याचे खांदे हलत होते. काव्या माझा हात सोडून हळूहळू गोल फिरून त्याच्या पुढे गेली आणि आवाज कुठून येतोय ते खाली वाकून बघायला लागली.

थोड्या वेळाने तिची आई नेहमीप्रमाणे तिला न्यायला आली, गर्दी बघून धावत आत शिरली, आणि नवऱ्याला बघून दारातच मटकन खाली बसली. मग बाहेरच्या गर्दीला एकदम आपापली कामं आठवली. कॉलर धरणारे गृहस्थ बाहुली झटकून आणून द्यायला लागले. पप्पांनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. तिघं गेली तेव्हा काव्याने वडिलांचा हात धरला नव्हता. बॅगेचा लोंबणारा पट्टा धरला होता. पण घट्ट धरला होता.

संध्याकाळी पप्पांच्या लुनावर मागे बसून मी घरी निघाले. एका चौकात लाल सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा मी विचारलं, "पप्पा, मी खरंच असं विचारलं होतं आईला?"

"काय?"

"हे अंकल कधी जाणार."

"लहान होतीस," पप्पा पुढे बघत म्हणाले. "आणि बरोबरच होतं. अनोळखी माणूस घरात येऊन राहिला तर पोरीने विचारायलाच पाहिजे. मला तर चांगलं वाटलं. म्हटलं, पोरगी हुशार आहे."

मागून मला फक्त त्यांचं हेल्मेट दिसत होतं.

"मग?"

"मग काय. परत गेलो आणि फौज सोडायचे पेपर टाकले. साहेब म्हणाले, सरोदे, प्रमोशन जवळ आलंय, वेडा झालास का. मी म्हटलं, हो साहेब."

"आणि शाळेतली नोकरी? तुम्हाला तर फॅक्टरीत सिक्युरिटी ऑफिसरची मिळत होती ना, आई सांगते."

"फॅक्टरीत तू नव्हतीस ना."

सिग्नल हिरवा झाला. पप्पा हलले नाहीत.

"तरी तू येत नव्हतीस," ते म्हणाले. "रोज समोरून जायचीस, मैत्रिणींबरोबर. मी पण आवाज नव्हतो देत. म्हटलं, येईल तेव्हा येईल. मग एक दिवस तुझ्याबरोबर एक नवीन मुलगी होती. ती मला घाबरली, मिश्या बघून. तू तिला म्हणालीस, डर मत, ये मेरे पप्पा हैं."

मागून हॉर्न वाजायला लागले. कुणीतरी ओरडलं, "चलो भिया, सो गए क्या!"

मी त्यांच्या पाठीला कपाळ टेकवलं. स्वेटर खरखरीत होता, खाली त्यांचा श्वास वरखाली होत होता.

"नीट धरून बस," पप्पा म्हणाले, आणि त्यांनी गाडी सोडली.